गरम पाणी चावतं

त्याच्या गोष्टी सांगायला मी तोंड उघडलं की आमच्या लोदची मराठी ज्यू माणसं आधीच हसायला लागायची. ही सवय त्यांना मीच लावली होती. लग्न असो, बारसं असो, की आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा असो, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणायचंच, "अगो, तांबड्याची नक्कल कर की!" आणि मी आढेवेढे न घेता करायची. घमेल्यात पाय सोडून उभं राहण्याची नक्कल, दोन घास खाऊन ताट सरकवण्याची नक्कल, अंघोळीच्या खोलीतून ओरडत बाहेर पळण्याची नक्कल. लोक पोट धरून हसायचे. मला नकला चांगल्या जमतात, त्यात खोटा विनय कशाला? हल्ली कुणी फर्माईश केली तर मी उठते आणि भांडी घासायला जाते.

त्याचं खरं नाव मी लिहिणार नाही. फॅक्टरीत सगळे त्याला हिब्रूत 'आदोम' म्हणायचे, म्हणजे लाल, आणि आम्ही चार मराठी बोलणारी माणसं 'तांबडा' म्हणायचो. वर्ण आमच्यासारखाच सावळा, पण गालांवर, कानाच्या पाळ्यांवर आणि तळहातांवर सदा लाली चढलेली. नुकताच चुलीपुढून उठून आल्यासारखा दिसायचा. डोळेही लालसर. दारूचा थेंब न घेणाऱ्या या माणसाशेजारी बसमध्ये बायका बसायच्या नाहीत.

आमची फॅक्टरी म्हणजे विमानतळाच्या कुंपणाबाहेरची एक लांबलचक शेड. विमानांच्या खुर्च्यांची जुनी कव्हरं उसवायची, आतला फोम बदलायचा, नवी कव्हरं शिवून चढवायची, हे तिथलं काम. मी शिवणयंत्रावर आणि तो कापड कापायच्या टेबलावर. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, मुंबईत आठवीपर्यंत शिकून इकडे आलेली. तो आला तेव्हा चार वर्षांचा होता. बाप इथं आल्यावर लवकरच गेला, म्हणून आईच्या एकटीच्या हाताखाली वाढला आणि मराठी त्याची पक्की राहिली. रागवायचं असलं की तेवढा हिब्रूत शिरायचा. मला 'बाय' म्हणायचा. थोरल्या बहिणीला आमच्यात तसंच म्हणतात.

कापणी त्याची बघण्यासारखी. खुर्चीच्या कव्हराचं कापड जाड, आगीला दाद न देणारं. त्यावर सगळे कारागीर खडूनं रेघा मारतात, दोनदा मोजतात. हा पठ्ठ्या कापडावरून एकदा तळहात फिरवायचा, ओठ मुडपायचा आणि सरळ कात्री घालायचा. मुकादम रुमानियाचा, कुणावर विश्वास न ठेवणारा. पहिला महिनाभर टेप घेऊन त्याच्या मागे मागे फिरला. मग त्यानं टेप खिशात ठेवली ती ठेवलीच. मी एकदा विचारलं, "तुला कळतं कसं रे?" तर म्हणाला, "मला कुठं कळतं? हाताला कळतं. मी त्याच्या कामात लुडबूड करत नाही."

जुनी कव्हरं उसवताना शिवणीत काय काय सापडायचं. नाणी, चॉकलेटचे कागद, बाळाचा एक मोजा, एकेकटं कानातलं. बाकीचे ते सरळ केरात टाकायचे. त्यानं भिंतीवर एक फळी ठोकली होती. तीवर खिळे मारून तो एकेक वस्तू टांगायचा आणि खाली खुर्चीचा नंबर लिहायचा. "एका कानातल्यासाठी कोण येणार आहे इथं?" मुकादमानं विचारलं. तो म्हणाला, "आलं तर नाही म्हणायला नको." कुणीही कधीही आलं नाही. खुर्चीवरून तो बसणारा माणूस ओळखायचा. "ही तेवीस बी बघ, बाय. खुर्चीच्या हातावरचं कापड नखांनी कुरतडलंय, घाबरट माणूस. आणि ही शेजारची तेवीस सी. हिच्या हातावर ओरखडासुद्धा नाही. म्हणजे शेजारचा भीतीनं मरत होता नि ही मासिक वाचत बसली." परक्या माणसांचं इतकं बघणारा माणूस आमच्यात रोज आठ तास उभा असायचा आणि आम्ही त्याच्याकडे बघायचो ते फक्त हसायला. ते आज मला फार लागतं.

आता त्या नकलांचं सांगते, कारण त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

फोमचा भुगा अंगभर चिकटायचा, म्हणून सुटताना सगळे पुरुष शेडमागच्या न्हाणीघरात गरम पाण्यानं अंघोळ करून मगच बसला चढायचे. हा मात्र अंगणातल्या नळाखाली, गार पाण्यानं, भर जानेवारीतसुद्धा. एकदा पोरांनी त्याला धरून गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली लोटलं. पाच मिनिटांत हा टॉवेल गुंडाळून, दंड आणि मांड्या ओरबाडत बाहेर अंगणात. "गरम पाणी चावतं!" एवढंच ओरडत होता. तेव्हापासून आमच्याकडे 'शालोम'ऐवजी 'चावतं का?' सुरू झालं. दरवर्षीच्या मिलुईमला, म्हणजे राखीव सैनिकांच्या ड्युटीला, त्याला एकदा मित्स्पे रामोनला पाठवलं होतं. तिथल्या वाळवंटातल्या थंडीत हा पहाटे गार पाणी अंगावर घ्यायचा. तुकडीतल्या एका धार्मिक शिपायाला वाटलं की हा कुणी मोठा व्रतस्थ माणूस आहे, आणि तो याच्याकडे आशीर्वाद मागायला आला. यानं दिलाही.

पायांचंही तसंच. "पाय पेटतात" म्हणायचा आणि कापायच्या टेबलाखाली गार पाण्याचं घमेलं ठेवून त्यात पाय सोडून उभा राहायचा. बोटं लालबुंद. सुरक्षा तपासणारा साहेब आला, म्हणाला बूट पाहिजेत. दुसऱ्या दिवशी घमेल्याशेजारी बूट हजर, नाड्या बांधून, नीट जोडीनं. "नियमात बूट पाहिजेत म्हटलंय," तो साहेबाला म्हणाला, "आत पाय पाहिजेत असं कुठं लिहिलंय ते दाखवा." साहेब हसला आणि निघून गेला. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेन, त्याला गणती नाही.

आणि जेवण! आईनं सणाला मटणाचा रस्सा नि भात वाढला की दोन घास खाऊन ताट पुढे सारायचा. "माझ्या पोटात कुणीतरी आधीच जेवून बसलंय," म्हणायचा. कोण रे, विचारलं की म्हणायचा, "ओळख नाही. पण जागा सोडत नाही."

एकदा अश्दोदला मुलगी बघायला गेलो. मीच गेले होते बरोबर, थोरली बहीण म्हणून. मुलीच्या बापानं त्याचा चेहरा बघितला आणि परीक्षा घ्यायला व्हिस्कीचा ग्लास पुढे केला. यानं हात जोडून नको म्हटलं. बाप मध्यस्थाच्या कानात पण आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "घरनंच घेऊन आलाय, आता कशाला लागतेय?" परतीच्या बसमध्ये त्यानं खिडकीच्या काचेत आपलं तोंड बघितलं. मग विचारलं, "बाय, माझं तोंड एवढं वाईट दिसतं का गं?" मी म्हटलं, "थोडी पावडर लाव." तोही हसला. मला त्या वेळी वाटलं, चला, हसला म्हणजे विसरला.

आता रक्ताचं. फॅक्टरीतली प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे होती. मी त्याचा तीन दिवसांचा कोर्स केला होता, आणि त्या तीन दिवसांच्या जोरावर मी अर्धी डॉक्टरीण झाले आहे असं मला वाटायचं. दर तीन महिन्यांनी रक्तपेढीची गाडी शेडसमोर यायची. रक्त देणाऱ्यांची यादी मी करायची. लोक तोंडं लपवायचे, कुणाला अचानक खोकला व्हायचा. तांबडा मात्र गाडीच्या आधी फाटकाशी उभा. नर्स बोटाला सुई टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडायची. थेंब बुडाला की रक्त पुरेसं, तरंगला तर कमी. याचा थेंब टाकल्या टाकल्या तळाला. "तुझ्या रक्ताला घाई आहे," ती म्हणायची. त्या चाचणीत रक्त कमी आहे का, एवढंच कळायचं. जास्त आहे का, हे बघायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

रक्त देऊन गाडीतून उतरला की हा माणूस वेगळाच. "सुटलं, बाय! डोक्याला कुणी दोरी आवळतं ना, ती सुटली. आता खाज नाही, काही नाही. महिनाभर मजेत." आम्ही म्हणायचो, बघा, पुण्य करायची केवढी हौस. इतक्या सरळ शब्दांत तो सांगत होता आणि मी, पेटीवाली, त्यातही नक्कल शोधत होते. दवाखान्यात तो एकदा गेला होता. डोकं दुखतं एवढंच सांगून गोळ्या घेऊन आला. खाज, पाय, पोट यातलं काही त्यानं तिथं काढलंच नाही. त्याला ते दुखणं वाटतच नव्हतं, आपला स्वभावच असा, असं तो धरून चालला होता. आम्हीच त्याला तसं पटवलं होतं.

मग एका शुक्रवारी त्याची आई माझ्याकडे आली. मावशी म्हणायचे मी तिला. कोकणातल्या गावातून मुंबईला, मुंबईहून लोदला, आणि इतक्या वर्षांत हिब्रूचे दहा शब्दही न शिकलेली. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडायला लागली. "अगो, तो सुकत चाललाय. जेवत नाय, डोकं धरून बसतंय, मधेच डोळ्यांपुढं काळोख येतो म्हणतंय. रक्त देऊन देऊन त्याच्यात काय उरलंय? बापासारखा जाईल गो तो. तुझं ऐकेल, तू सांग."

मला ते पटलं. आमच्या कुठल्याही घरात पटलं असतं. डोकं धरतो, जेवत नाही, चक्कर येते, म्हणजे रक्त कमी. याखेरीज दुसरं काही असू शकतं असं आमच्यात कुणाच्या मनात येत नाही. त्यात पुढच्याच आठवड्यात त्यानं मला त्याच्या जाकिटातून बसचा पास आणायला सांगितलं आणि माझ्या हाताला रक्तदात्याची दोन कार्डं लागली. एकावर त्याच्या बापानं इथं आल्यावर घेतलेलं हिब्रू आडनाव. दुसऱ्यावर कोकणातल्या गावावरून पडलेलं त्यांच्या घराचं जुनं आडनाव, आणि ओळखपत्राच्या नंबरातले दोन आकडे मागेपुढे केलेले. एक कार्ड फॅक्टरीच्या गाडीचं, दुसरं रामलेच्या बाजारात येणाऱ्या गाडीचं. तारखा बघितल्या. दर सहा आठवड्यांनी हा माणूस रक्त देत होता, एकदा या नावानं नि एकदा त्या.

मी त्याच्यावर तुटून पडले. "मरायचंय का तुला? आईला कोण बघणार?" तो म्हणाला, "बाय, तीन महिने नाही गं निघत. दोन महिने झाले की डोकं फुटायला लागतं. यात मी कुणाचं काय वाईट केलं? देतोयच ना?" पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा तो नेहमीसारखा पहिला उभा होता. मी दोन्ही कार्डं नर्सच्या पुढ्यात ठेवली. ती त्याच्याकडे बघतच राहिली, मग त्याला बाजूला घेऊन बोलली, आणि त्याचं नाव यादीतून कायमचं कापलं. तो माझ्या यंत्रापाशी आला. मला वाटलं, आता हिब्रूत सुरू होईल. पण तो मराठीतच म्हणाला, "आता मी काय करू, बाय?" मी म्हटलं, "खा!"

आणि आम्ही त्याला खायला घातलं. मी दर शुक्रवारी कोंबडीची कलेजी आणायची, आमच्या रीतीप्रमाणे मीठ लावून उघड्या जाळावर भाजायची आणि त्याच्यासमोर उभी राहून संपवायला लावायची. बीट, खजूर, डाळिंबं. माझ्या जावेचा भाऊ मुंबईहून आला, त्याच्याकडून मी लोहाच्या टॉनिकच्या सहा बाटल्या मागवल्या. सकाळ संध्याकाळ दोन चमचे, मावशी स्वतःच्या हातानं पाजायची. तो तोंड वाकडं करून घ्यायचा. महिन्याभरात चेहरा आणखी लाल झाला. मावशी म्हणाली, "बघ, रक्त चढतंय." मीही खूश झाले. खोटं कशाला सांगू, मला माझा अभिमान वाटत होता.

पाचव्या महिन्यात, सकाळच्या चहाच्या सुट्टीच्या जरा आधी, त्याची कात्री वाकडी गेली. मी माझ्या जागेवरून बघितलं. सरळ चाललेली रेघ अचानक उजवीकडे घसरली आणि कात्री टेबलावर पडली. तो आपल्या हाताकडे बघत उभा होता. मी धावले, त्याला खाली बसवलं, आणि मला पहिलं काय सुचलं असेल? साखरपाणी. अशक्तपणा आला असेल! ते पाणी त्याच्या ओठाच्या एका कोपऱ्यातून गळून शर्टावर आलं. "काय होतंय?" मी विचारलं. त्यानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण ते मराठीही नव्हतं आणि हिब्रूही नव्हतं. तेव्हा मुकादमानं मला बाजूला ढकललं आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. तांबडा त्या वेळी चौतीस वर्षांचा होता.

हॉस्पिटलात पहिले दोन दिवस डॉक्टर कोड्यात पडलेले. ब्लडप्रेशर नाही, साखर नाही, हृदय चांगलं, आणि या वयात मेंदूत गुठळी, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलेली. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि तिसऱ्या दिवशी रक्ताच्या आजारांची डॉक्टरीण आली. तरुण बाई, केस वर बांधलेले, आवाज बारीक. ती पलंगाच्या एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मी, हिचं हिब्रू तिला नि तिचं मराठी हिला सांगायला. तो पलंगावर जागा होता. बोलता येत नव्हतं, पण डोळे ज्याच्या त्याच्या तोंडाकडे वळत होते. सगळं कळत होतं त्याला, दोन्ही भाषांतलं.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर अंगाला खाज येते का?"

मी मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, "तो गरम पाणी घेतच नाय. तुला ठाव हाय ना."

"पायांची आग होते? बोटं लाल होतात?" हो. "चेहरा असाच लाल असतो, पुष्कळ वर्षांपासून?" हो. "थोडं खाल्लं की पोट भरतं?" तिनं त्याच्या डाव्या बरगडीखाली हात घातला आणि मलाही दाखवलं: पाणथरी, म्हणजे प्लीहा, एवढी वाढली होती की जठराला जागाच नव्हती. "डोकं दुखतं? आवळल्यासारखं?" ती एकेक विचारत होती आणि मी हो, हो म्हणत होते. माझ्या सगळ्या नकला ती बाई तिच्या त्या बारीक आवाजात, एकही न वगळता, विचारत होती. कुठंही न हसता.

मग तिनं समजावलं. त्याच्या हाडांतला मगज गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्त बनवतो. ते दाट होतं, चिकट होतं, आणि कुठंतरी अडतं. दुर्मीळ आजार, या वयात तर फारच दुर्मीळ. उपाय साधा, रक्त काढत राहायचं. "पण एवढी वर्षं हा निभावला कसा, तेच कळत नाही," ती म्हणाली. मी सांगितलं, रक्तदान करायचा. किती वेळा? दर सहा आठवड्यांनी. तिनं फाईलवरून मान वर केली. "म्हणजे आपलं औषध त्याचं त्यानंच शोधलं होतं," ती म्हणाली. "मग ते थांबलं कसं? कुणी थांबवलं?"

मी मावशीकडे वळले. विचारायची काही गरज नव्हती, पण वेळ काढायला विचारलं. मावशीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "सांग तिला, तू थांबवलंस म्हणून. देव तुझं भलं करो. तू नसतीस तर एवढापण हाती लागला नसता गो."

मी डॉक्टरीणबाईकडे बघून हिब्रूत म्हणाले, "तो आपणहूनच थांबला. कंटाळला असेल."

"लोहाचं काही औषध चालू होतं?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं लिहून घेतलं. पलंगावर त्याचे डोळे माझ्यावर होते. मी खिडकीकडे बघितलं. मावशीनं पिशवीतून टॉनिकची बाटली काढली आणि विचारलं, "विचार गो तिला, हे इथं चालू ठेवायचं काय?" मी ती बाटली तिच्या हातातून घेऊन परत पिशवीत टाकली. म्हटलं, "डॉक्टर म्हणते, त्यांच्या औषधांबरोबर हे चालत नाही. कलेजीपण नको." मावशीनं मान हलवली. आजाराबद्दल मी तिला एवढंच सांगितलं की रक्ताचा आजार आहे, जन्माचा आहे, यात कुणाचा दोष नाही.

त्यातून तो उठला. पाय ओढत चालायला लागला, उजवा हात मुठीत वळलेला राहिला. शब्द तीन परत आले: बाय, हो, नको. तेही लगेच येत नसत. ओठ हलायचे, मान ताठ व्हायची, आणि मग बऱ्याच वेळानं शब्द यायचा. दर महिन्याला मी त्याला रक्त काढायला घेऊन जायचे. ते रक्त कुणाला देत नाहीत, टाकून देतात; नर्स ती पिशवी बंद करून बाजूला ठेवायची तेव्हा तो तिकडं बघायचा नाही. फॅक्टरीनं जागा बदलली तेव्हा त्याची ती फळी कुणीतरी मोडून टाकली. मी तिथं असते तर घरी आणली असती, निदान असं मी स्वतःला सांगते.

त्याच्यातला तो किती आणि आजार किती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लाली, खाज, पाय, पोट, हे सगळं आजाराचं निघालं. मग माझ्या गोष्टींत त्याचं स्वतःचं काय होतं? ते बूट तेवढे. त्याची कात्री होती, फळीवरची ती कानातली होती. पण त्या दोन्हींबद्दल मी लोकांना फारसं कधी सांगितलंच नव्हतं. त्यात हसण्यासारखं कमी होतं.

दोन वर्षांनी मी एकदा डॉक्टरीणबाईला एकटीला गाठून खरं काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, तुम्हाला कळण्यासारखं नव्हतं, आणि हे आज ना उद्या झालंच असतं. फाईलमध्ये तिनं काय बदललं, की काहीच बदललं नाही, ते मी विचारलं नाही. चूक झाली, हे मी सहन करू शकते. अडाणीपणा होता, माया होती, सगळं होतं. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या उशाशी उभं राहून मी त्याच्याच नावावर खोटं घातलं, ते त्यानं ऐकलं, आणि तरी दर महिन्याला तो माझ्या खांद्यावर हात ठेवून बसमध्ये चढत राहिला. हे मला आजही सहन होत नाही.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. मावशीचं शेवटचं दुखणं चालू होतं. हिवाळ्यातली दुपार, खोलीत हीटर, मावशी उशांना टेकून बसलेली आणि तो पायथ्याशी खुर्चीवर. मी तिघांसाठी चहा करून आणला होता. मावशी म्हणाली, "माझ्यामागं तूच बघ त्याला. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाय. तू त्याचं रक्त देणं थांबवलंस, तूच त्याला खायला घातलंस. आपल्या माणसांत दुसऱ्या कुणाला सुचलं होतं ते?"

इतक्या वर्षांत ती हे वाक्य मला कितीतरी वेळा बोलली होती आणि मी दर वेळी ते गिळलं होतं. त्या दिवशी मला राहवलं नाही. मला वाटलं, ही असाच आशीर्वाद देत गेली तर तो जन्मभर माझ्या डोक्यावर राहील. मी चहाचा ट्रे खाली ठेवला, तिच्याजवळ बसले. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टर काय म्हणाली होती, ते मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. ते रक्त देणं, आणि ते टॉनिक..."

"नको."

इतका लगेच, इतका स्पष्ट शब्द त्याच्या तोंडून इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता. मी मान वळवली. तो खुर्चीत पुढे झुकला होता आणि माझ्याकडे बघतच नव्हता. तो आईच्या हातांकडे बघत होता. त्या हातांनी तिनं पाच महिने, सकाळ संध्याकाळ, दोन दोन चमचे त्याला भरवले होते.

मावशी दचकली. "काय नको म्हणतोय गो तो?"

मी त्याच्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"चहा नको म्हणतोय," मी म्हणाले.

"नको काय? एवढी थंडी हाय. दे त्याला."

मी कप त्याच्या डाव्या हातात दिला. त्यानं तो घट्ट धरला, तोंडाला लावला आणि आई बघत होती तोवर सगळा चहा पिऊन टाकला.